राँग साइडने येणाऱ्यांसाठी भौतिकशास्त्र

परवा पुण्यात नळ स्टॉपपाशी एक सद्गृहस्थ राँग साइडने आले आणि माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकावर आदळले. मी थांबलेलो होतो. "काका, बघून चालवा जरा," असं मलाच सुनावून, मोबाइल पुन्हा खांदा आणि कानामध्ये खोचून ते मार्गस्थ झाले. हेल्मेट कोपराला लटकत होतं. एवढा आत्मविश्वास सर्वांना लाभावा, म्हणून काही सूचना.

सर्वप्रथम, दिशेचा बाऊ करू नका. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, एवढं नववीत पाठ केलंत, पुरे झालं. संवेगाला दिशा असते आणि समोरून उलटा येणाऱ्याच्या संवेगाला ऋण चिन्ह लागतं, हा भाग तेव्हा ऑप्शनला टाकला होतात. रस्त्यावरही ऑप्शनलाच टाका. थोरामोठ्यांचा आधार आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 साली टकरीचे सात नियम दिले, तेही दिशा हिशेबात न धरता. बहुतेक सगळे चुकले आणि डच शास्त्रज्ञ हायगेन्सला ते निस्तरावे लागले. देकार्तचं बरं होतं, तो कागदावर चुकला.

हॉर्न वाजवत राहा. आवाजाने वस्तुमान वाढतं.

हेल्मेट कोपरालाच ठेवा. आतला फोम दबतो, डोकं थांबायला जरा जास्त वेळ मिळतो आणि त्याच प्रमाणात डोक्यावरचं बल कमी होतं. पण जपायचं काय, हे ज्याने त्याने ठरवावं.

पीएमपीची, म्हणजे पुण्याची सिटी बस समोरून आली तर मुळीच बाजूला होऊ नका. भरलेली बस धरा 15 टन, वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. तुम्ही आणि स्कूटर मिळून 180 किलो, वेग ताशी 36, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. बसचा संवेग 75,000, तुमचा उणे 1,800. टकरीनंतर दोघं एकत्र पुढे गेलात असं समजा. एकूण संवेग तेवढाच राहतो, त्यामुळे बसचा वेग 18 वरून साधारण 17.4 वर येतो. आतल्या उभ्या प्रवाशाला वाटेल, ड्रायव्हरने ब्रेकला पाय लावला. तुमचा वेग मात्र ताशी 36 पुढे होता, तो ताशी 17.4 मागे होतो. बल दोघांवर सारखंच. तक्रारीला जागा नाही.

समोर तुमच्याच वजनाची, तुमच्याच वेगाची स्कूटर असेल तर उत्तमच. 1,800 आणि उणे 1,800, बेरीज शून्य. मिटलं? नाही मिटलं! गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो, आणि वर्ग केला की ते ऋण चिन्ह पुसलं जातं. तुमचे 9,000 ज्यूल, त्याचे 9,000 ज्यूल, एकूण 18,000. दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या तर हे ज्यूल जातात कुठे? पत्र्यात, हँडलमध्ये आणि नडगीत. तुमच्या एकट्याच्या नव्हे, जो बिचारा आपल्या बाजूने नीट चालला होता त्याच्याही नडगीत. तो कशासाठी भरतोय हे? तुमचा यू-टर्न वाचावा म्हणून?

नवले पुलाच्या उतारावरच्या अपघातांबद्दल काही लिहीत नाही. तिथलं सगळ्या पुण्याला ठाऊक आहे.

आणि सूचना वगैरे गेल्या खड्ड्यात. त्या दिवशी त्या गृहस्थाच्या पुढ्यात, हँडलला धरून, एक तीन-चार वर्षांचं पोर उभं होतं. स्कूटर थांबली तरी मागचे सत्तर किलो त्याच वेगाने पुढे येतात, हे कळतं का तुम्हाला? हँडल आणि बाप यांच्यामध्ये ते पोर आहे. तुमची एअरबॅग आहे का ती? लाज वाटत नाही? फोन खिशात ठेवा. पोराला मागे बसवा, त्याच्या मापाचं हेल्मेट घ्या, ते त्याच्या डोक्यात घाला आणि तुमचं तुमच्या. आणि पुढच्या चौकातून वळून या, सगळे येतात तसे.