भिंतीकडे कोण बघतंय?

डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आज घरच्यांना घेऊन एका जुन्या, छोट्या धरणावर गेलो होतो. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथे आणखी दोनशे गाड्या जातील. सांडव्यावरून पाणी पडत होतं, पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती, भजी-कणसांच्या गाड्या जोरात. आणि भिंतीच्या दगडांतून मनगटाएवढा जाड पिंपळ बाहेर आलेला. एवढा पिंपळ एका वर्षात होत नाही. म्हणजे कित्येक पावसाळे तिथे कोयता घेऊन कुणी फिरकलेलंच नाही. मूळ चुन्याच्या सांध्यात शिरतं, सांधा उघडतो, पाणी आत जातं आणि चुना धुऊन नेतं. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पोलीस होते. 'पाण्यात उतरू नये' असा फलकही होता. भिंतीचं बघणारं कुणीच नव्हतं.

माझे आबा एका मातीच्या तलावावर चौकीदार होते. पावसाळ्यात रोज सकाळी भरावाच्या पायथ्याने एक फेरी. उंदरा-खेकड्याचं बीळ दिसलं की बुजव, बाभळीचं रोप दिसलं की उपट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायथ्याशी झिरपणारं पाणी ओंजळीत घेऊन बघायचं. नितळ असेल तर काळजी नाही, मातीचं धरण थोडं झिरपतंच. गढूळ आलं तर ते पाणी भरावातली माती घेऊन चाललंय. मग थांबायला वेळ नसतो.

एका रात्री ते गढूळ आलं. वडील तेव्हा लहान होते, कंदील धरून आबांबरोबर गेले होते. आबांनी वाडी उठवली, कुणाला तरी सायकलवर तालुक्याला साहेबांकडे पिटाळलं, आणि लोकांनी रात्रभर त्या झिऱ्यावर आधी वाळू, मग खडी टाकली. चिखलाने तोंड बंद करायचं नाही, पाणी दुसरीकडून फुटतं. त्याला वाट द्यायची, माती मात्र अडवायची. पहाटे पाणी नितळ झालं. तलाव आजही उभा आहे. आबांची जागा ते निवृत्त झाल्यावर भरलीच नाही.

म्हणून २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं आणि मंत्रीमहोदय म्हणाले की खेकड्यांनी भिंत पोखरली, तेव्हा मला नुसता संताप नाही आला, आबांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. खेकडे काय त्याच वर्षी कोकणात आले? बिळं बुजवणं हे कुणाचं तरी रोजचं काम होतं! गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २ जुलैच्या रात्री धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. घरं गेली, माणसं गेली. तिथे पायथ्याशी रोज ओंजळ भरून बघणारा एक माणूस असता तर? मला ठाऊक आहे, एका माणसाने सगळं वाचतं असं नाही. पण निदान हाक तरी मारली असती.

आपण सुरक्षिततेबद्दल बोलतो ते फक्त पर्यटकांच्या. लोणावळ्याच्या भुशी धरणाचंच घ्या. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं ते धरण, आज त्याच्या पायऱ्यांवर अख्खं पुणे-मुंबई बसतं. ३० जून २०२४ ला त्याच्या मागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ मी पुन्हा बघू शकलेलो नाही. त्यानंतर निर्बंध आले, ते यायलाच हवे होते, त्याने जीव वाचतात हे मान्य. पण पुढच्याच वर्षी, १५ जूनला, पुण्याजवळच्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. लोकांनी चढायला नको होतं, हेही मान्य. पण धोकादायक झालेलं बांधकाम वर्षानुवर्षं तसंच उभं ठेवायचं आणि मग लोकांना अक्कल शिकवायची, हे कुठवर चालायचं?

आणि विचारायचं तरी कुणाला? शंभर हेक्टरपर्यंत शेती भिजवणारा तलाव जिल्हा परिषदेचा, त्यावरचा जलसंधारणाचा, आणखी मोठा जलसंपदाचा, एखादा रेल्वेचा, एखादा नगरपालिकेचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे, दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटींवर. दहा मीटरच्या आतलं धरण फुटलं तर खालच्या वाडीत पाणी कमी घुसतं का? पैसे नाहीत म्हणतात. असेलही. नवीन बंधाऱ्याचं भूमिपूजन मात्र दरवर्षी होतं, आणि जुन्याची झाडं तोडायला, सांधे भरायला, पाणी सोडायच्या मोरीची गाळाने बसलेली झडप फिरती ठेवायला निधी नसतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, त्या रात्री आबा घाबरलेले त्यांनी पहिल्यांदा बघितले, तरी आबांचा हात पाण्यातून हलला नाही. मला आबांचे ते हात आठवतात, कायम ओले, भेगा पडलेले.

सोमवारी मी तहसील कार्यालयात अर्ज देतोय. हे धरण कुणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि देखभालीला माणूस नेमलाय का, एवढं तीनच विचारलंय. सोबत फोटो जोडलेत. तुमच्यापैकी जे धरणाच्या खालच्या अंगाला राहतात त्यांनी आपापल्या धरणासाठी असाच अर्ज द्या. मजकूर हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.