पश्चिमेच्या खिडकीतून आलेल्या पाण्याबद्दल

नमस्कार ताई,

"वडिलांच्या वेळचं काम राहिलं नाही. कंपनी मोठी झाली, पण पहिल्याच पावसात हॉलची खिडकी गळली. आतून नुसतं पोकळ प्लास्टिक. ३ फोन केले, कोणी फिरकलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. खिडकी गळली, फोन करूनही कोणी आलं नाही, दोन्ही खरं आहे. मनापासून माफी मागतो.

परवा मी स्वतः येऊन गेलो तेव्हा तुम्ही ऑफिसला होता, म्हणून काय सापडलं ते इथे सांगतो. स्लायडिंग म्हणजे सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येतंच. ते बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. तुमच्याकडची २ भोकं सिमेंटनं बुजली होती. शिवाय चौकट आणि भिंतीमधल्या फटीत बाहेरून सिलिकॉन मारताना डावा कोपरा सुटला होता. त्यात त्र्यंबककडून येणारा पाऊस वाऱ्यासकट थेट याच खिडकीवर आदळतो.

पोकळ प्लास्टिक हे मात्र मान्य नाही. चौकटीच्या आत जस्त चढवलेलं लोखंडी सेक्शन आहे. घरातलं लोहचुंबक लावून बघा, ओढ जाणवेल.

वडील पंचवटीत सागवानी चौकटी करायचे. पुढे ॲल्युमिनियम आलं, अंबडला गाळा घेतला, मग यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक. आता चौकटीचे कोपरे मशिनवर २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकजीव होतात. स्क्रूनं जोडलेल्या कोपऱ्यातून पूर्वी पाणी झिरपायचं, ती तक्रार संपली. कारखान्यातलं काम सुधारलंय, हे मी ठामपणे म्हणेन. साइटवरचं ढिलं पडलं. वडील खिडकी बसवली की बाहेरून २ बादल्या पाणी मारायचे, आतून हात फिरवून बघायचे, मगच पैसे मागायचे. ऑर्डरी वाढल्या तशी आम्ही फिटरना स्क्वेअर फुटावर मजुरी द्यायला लागलो, आणि फुटावर पैसे मिळणारा माणूस पाणी मारत थांबत नाही. दोष त्याचा नाही, तो दर मी ठरवला.

आता पाईपनं पाणी मारून बघायची मजुरी फिटरला वेगळी देतो, आणि ते झाल्याशिवाय साइट पूर्ण धरत नाही. तुमचे फोन ज्यांनी घेतले ते विक्रीचं काम बघतात, तक्रारीसाठी माणूसच नव्हता. ते काम आता माझा धाकटा भाऊ बघतो.

तुमची भोकं मोकळी केली, कोपरा भरला आणि साहेबांसमोर अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब आला नाही. तरी पश्चिमेच्या बाजूला सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीवर उघडणारी जास्त चांगली, कारण तिची झडप चारही बाजूंनी रबरावर दाबून बसते. हे माप घेतानाच आम्ही सांगायला हवं होतं. बदलून हवी असेल तर फरकाचे पैसे घेणार नाही, सावकाश कळवा. भिंतीचा रंग गेलाय, त्यासाठी रंगारी शनिवारी सकाळी येईल. खर्च आमचा.