राजवाड्याला मॅच होणारा स्वेटर

परदेशप्रवासाची तिकिटे काढणे, व्हिसासाठी कागदांची चळत रचणे आणि बँकेच्या खात्यात आपण खाऊनपिऊन सुखी दिसू एवढी शिल्लक काही महिने राखणे, ही कामे कितीही कटकटीची असली तरी त्यांना नियम असतात. कपडे निवडण्याला नियम नसतो आणि त्यामुळे त्या विषयावर घरातल्या प्रत्येकाला अधिकारवाणीने बोलता येते. एप्रिलच्या सुरुवातीला आठवडाभर व्हिएन्नाला जायचे ठरले आणि पुण्यातल्या आमच्या घरातले माझे कपाट सार्वजनिक मालमत्ता झाले.

पहिले फर्मान मुलीने काढले. काळा, करडा, नेव्ही ब्लू आणि बेज एवढ्या चारच रंगांचे कपडे न्यायचे, म्हणजे कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर चालतो, बॅग हलकी राहते आणि मुख्य म्हणजे “आई, तुम्ही टुरिस्ट वाटत नाही.” यातले पहिले दोन मुद्दे मला पटले. पण तिथल्या स्टीफन कॅथेड्रल या मोठ्या चर्चसमोर मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून आणि पासपोर्टचा कप्पा मिनिटामिनिटाला चाचपत उभ्या असलेल्या मध्यमवयीन मराठी जोडप्याला केवळ बेज रंगाच्या पँटी पाहून कोणी तिथले रहिवासी समजेल, ही शक्यता मला फार वाटत नव्हती.

शिवाय माझ्या कपाटाची घडण वेगळी आहे. नवरात्रात कोणत्या दिवशी कोणता रंग हे वर्तमानपत्रात छापून येते आणि छापून आलेले मी पाळते. त्यामुळे वर्षानुवर्षे माझ्याकडे पोपटी, मोरपंखी, डाळिंबी, केशरी आणि राणी अशा रंगांचे कुर्ते साठत गेले आहेत. एका वर्षी त्या यादीत करडा आला होता. तेव्हा नाइलाजाने आणलेला आणि एक दिवस घालून तळाशी ढकललेला तो कुर्ता मुलीने शोधून काढला, उजेडात धरला आणि म्हणाली, “हा एकच बरा आहे.”

काळ्या रंगाला सासूबाईंची हरकत होती. संक्रांत सोडून घरात कोणी काळे घालत नाही आणि शुभ कामाला, त्यातही समुद्र ओलांडून जाताना, तर मुळीच नाही, असे त्यांनी हातातले विणकाम खाली न ठेवता सांगितले. मुलीने मग फोनवर तिथले हवामान दाखवले: पहाटे ४ अंश, दुपारी १६, मधूनमधून पाऊस आणि वारा. सासूबाईंनी तो आकडा दोनदा वाचायला लावला, थोडा वेळ विचार केला आणि निकाल फिरवला. संक्रांतीलाही काळे नेसतात ते थंडीचे दिवस असतात आणि काळा रंग ऊब धरतो म्हणूनच; तेव्हा जिथे एप्रिलमध्येसुद्धा ४ अंश असतात, तिथे बारा महिने संक्रांतच धरायला हरकत नाही. धर्मशास्त्राचा इतका लवचिक आणि इतका शास्त्रीय अर्थ मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

खरा पेच ह्यांच्या स्वेटरवरून पडला. सासूबाईंनी स्वतः विणलेला हा स्वेटर मोहरीच्या पिवळ्या रंगाचा असून त्याच्या काठाला आणि मनगटांना गडद हिरवी पट्टी आहे. पुण्यात तो घालण्याइतकी थंडी पडत नाही, या सबबीवर ह्यांनी तो अनेक हिवाळे टाळला होता. आता ती सबब संपली होती. मुलीने फोटोंचा मुद्दा काढला. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याचा उन्हाळी राजवाडा शोनब्रुन हा १४४१ खोल्यांचा असून बाहेरून नेमका याच जातीच्या पिवळ्या रंगाचा आहे. त्या पिवळ्याला ‘शोनब्रुन पिवळा’ असे नावच पडले आणि पुढे साम्राज्यभरच्या सरकारी इमारतींना तो फासला गेला. त्या भिंतीसमोर बाबा या स्वेटरमध्ये उभे राहिले तर फोटोत फक्त डोके, दोन हात आणि पँट दिसेल, असे तिने पुराव्यानिशी दाखवले. सासूबाईंनी राजवाड्याचा फोटो बोटांनी मोठा करून नीट न्याहाळला आणि खिडक्यांवर येऊन त्या थांबल्या. खिडक्या हिरव्या होत्या. “बघ,” त्या समाधानाने म्हणाल्या, “पट्टीसुद्धा जुळते.” स्वेटर बॅगेत गेला.

या यशाने मलाही धीर आला आणि मी माझ्या कपाटाची बाजू लढवायचे ठरवले. ज्या स्टीफन कॅथेड्रलसमोर मी करड्या रंगात उभे राहावे अशी अपेक्षा होती, त्याचे छप्पर सुमारे २ लाख ३० हजार चकचकीत रंगीत कौलांचे असून त्यावर नागमोडी नक्षी आहे. छपराला चालते ते मला का चालू नये? पुढचा साक्षीदार मी तिथला चित्रकार गुस्टाफ क्लिम्ट काढला. त्याचे १९०८ सालचे ‘चुंबन’ हे चित्र तिथल्या बेल्वेडेर राजवाड्यात आहे आणि त्यातल्या स्त्रीच्या अंगावर सोन्याच्या वर्खात लाल, जांभळ्या, निळ्या फुलांचे गोल आहेत. काळे, पांढरे आणि करडे चौकोन आहेत ते पुरुषाच्या अंगावर. म्हणजे मुलीने सुचवलेले रंग व्हिएन्नात चालतात हे मला मान्य आहे, पण ते ह्यांनी घालावेत.

स्वतः क्लिम्ट चित्रे काढताना निळा, पायघोळ, ढगळ झगा घालत असे आणि त्याची मैत्रीण एमिली फ्लोगे हिने बहिणींबरोबर १९०४ मध्ये व्हिएन्नात कपड्यांचे दालन उघडून कमरेला आवळणाऱ्या कॉर्सेटऐवजी खांद्यावरून सैल सुटणारे झगे शिवायला घेतले होते. त्या दोघांचे बागेतले एक छायाचित्र मी सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, “अगं, दोघंही गाऊनवर बाहेर आलेत?” माझे म्हणणे याहून थोडक्यात मांडता आले नसते. मी भाजी आणायला गाऊनवर खाली उतरते म्हणून जी मुलगी मला आठवड्यातून एकदा तरी बोलते, ती यावर गप्प राहिली. बुटांबाबत मात्र मी लढले नाही. दगडी फरसबंदीवर दिवसभर चालायचे असेल तर जे पायाला चावत नाही ते सुंदर, एवढे सौंदर्यशास्त्र मलाही कळते.

एवढा काथ्याकूट झाल्यावर जाऊबाईंनी कोट पाठवला. आमच्या नात्यात एकच जाड लोकरी कोट आहे. तो मरून रंगाचा आहे आणि घरातली जी बाई परदेशी जाते तिच्या अंगावर तो जातो. स्वित्झर्लंडचे बर्फ, लंडनचा पूल, न्यू जर्सीतले कुणाचे तरी अंगण, अशा सगळ्या फोटोंत तो आहे; चेहरे तेवढे बदलतात. मी तो घालून पाहिला तेव्हा तो गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत पोहोचला आणि पोपटी, मोरपंखी, डाळिंबी आणि करडा हा सगळा वाद त्याच्या सहा बटणांच्या आत नाहीसा झाला. ४ अंशांत मी आत काय घातले आहे हे फक्त मला माहीत असणार होते.

मुलीला ही तडजोड आवडली. पण मी वाचून ठेवले होते की तिथल्या ऑपेरात आणि नाट्यगृहांत जाडे कोट आत नेत नाहीत, ते बाहेर गार्डरोबमध्ये जमा करावे लागतात. म्हणजे ज्या एका जागी सगळे शहर नटूनथटून येते, नेमकी तिथेच मी उघडी पडणार. आम्ही स्टेट ऑपेरात जायचे ठरवले होते ते अर्थातच उभ्याच्या स्वस्त तिकिटावर. आणि तिथली जुनी रीत अशी होती की आपल्या जागेवरच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची व मग खुशाल फिरून यायचे. हे वाचल्यावर त्या शहराविषयीचा माझा सगळा संकोच गेला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना मोझार्टच्या गावात परके वाटण्याचे कारण नाही. अशा वेळी रुमाल करडा असून चालत नाही, लांबून ओळखू यावा लागतो, हे मुलीलाही मान्य करावे लागले आणि माझी सगळ्यात भडक राणी रंगाची ओढणी बिनविरोध निवडून आली.

बॅग भरून झाल्यावर ती २३ किलोंच्या मर्यादेपेक्षा बरीच वर गेली, कारण कोट एकटाच दोन माणसांच्या उन्हाळी कपड्यांइतका वजनदार होता. जड ते सगळे अंगावर घालून निघायचे, म्हणजे त्याचे वजन कोणी करत नाही, ही युक्ती ह्यांची. त्यामुळे एप्रिलच्या भर दुपारी आम्ही मुंबईच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा मी मरून कोटात होते आणि हे मोहरीच्या स्वेटरवर जाकीट चढवून बसले होते. एक्स्प्रेसवेवर घाट उतरल्यावर बाहेरच्या उन्हाने काचासुद्धा तापल्या, आमच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या आणि गाडीतल्या एसीचा तेवढाच आधार उरला. चालकाने आरशातून आमच्याकडे बराच वेळ काळजीने पाहिले.

“काका, काकूंना थंडी वाजतेय वाटतं,” तो म्हणाला आणि उत्तराची वाट न पाहता त्याने एसी बंद केला.