मळकट वॉर्बलर ओळखता येतात, तो फॉरवर्ड डोक्यातून काढा

सध्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की पावसाळा सरताना येणारे मळकट वॉर्बलर (किडे खाणारी चिमुकली पाखरं) सगळे सारखेच, पंखावर पट्टी असली तर ग्रीनिश नसली तर चिफचॅफ (दोन्ही वॉर्बलरच्याच जाती), रीड वॉर्बलर फक्त पाण्याकाठी, आणि शंका आली तर एक क्लिअर फोटो पुरे. वाचायला सोपं आहे म्हणून फिरतंय, बाकी काही नाही.

पट्टीचं आधी घेऊ. ग्रीनिशची पट्टी मुळातच बारीक, पिसं झिजली की दिसतच नाही, मग तो काय लगेच चिफचॅफ झाला का? चिफचॅफचे पाय अन् चोच काळी, अंगावर तपकिरी झाक, अन् शेपटी सारखी खाली झटकतो. ग्रीनिश कडुलिंबाच्या शेंड्यात फिरत 'चिस्ली, चिस्ली' करतो, बऱ्याचदा दिसायच्या आधी ऐकूच येतो. ठळक पट्टी अन् तिच्यावर दुसरी पुसटशी असेल तर ह्यूम्स वॉर्बलर.

पाण्याकाठचं तर लईच चुकीचं. ब्लिथ्स रीड वॉर्बलर हिवाळाभर बागेत, कुंपणात, घाणेरीच्या जाळीत असतो, आत बसून 'टक्... टक्' करतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. त्याची भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ) तोकडी, डोळ्यामागं जेमतेम जाते. नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठाला पाणकणसात ठळक भुवईचा अन् भुवईवर गडद कड असलेला दिसला तर तो पॅडीफिल्ड वॉर्बलर असू शकतो. आणि दौलताबादकडच्या खडकाळ टेकड्यांवर दगडांवरून उंदरासारखा सरपटणारा, पोटाला पिवळा, भुवई नारिंगीकडं झुकणारी, असा कोणी दिसला तर सल्फर-बेलिड वॉर्बलरचा विचार करा.

फोटोचं म्हणाल तर पानांतून येणाऱ्या उजेडात तपकिरी पाखरूसुद्धा हिरवं दिसतं. मोबाईलवर पाच-दहा सेकंद आवाज रेकॉर्ड केलेला कधी कधी भारी कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचा.

'सगळे सारखेच' हे एका जोडीबाबत मात्र थोडंफार मान्य. बूटेड आणि साईक्स वॉर्बलर. साईक्सचं वर्णन कर्नल साईक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1832 मध्ये आपल्या दख्खनमधूनच केलं, तरी नंतर कित्येक वर्षं तो बूटेडचाच उपप्रकार धरला जायचा. चोच अन् शेपटी लांब वाटली तर साईक्स, पण बांधावरच्या बाभळीत एकटाच दिसला, लांबून दिसला, तर ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ऑनलाइन साइटवर) दोघांची मिळून एकच नोंद टाकायची सोय आहे, ती टाका.