लक्ष्मीबाईंची पावती

सकाळी साडेदहाला एका पतसंस्थेतून फोन आला. पलीकडचे गृहस्थ रागावलेले नव्हते, आणि ते जास्त वाईट. म्हणाले, "साहेब, आमच्या एक खातेदार आजी आहेत, श्रीमती लक्ष्मीबाई. तुमच्या नव्या सिस्टिमने त्यांची पावती 'श्रीमती लक्ष्मनातू' अशी काढलीय. आजी म्हणतात, व्याज उशिरा द्या, पण नाव परत द्या."

(आजींचं नाव मी बदललंय. बाइट, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती छोटी घरं, मात्र तेवढेच ठेवलेत, कारण सगळी गंमत तिथेच आहे.)

आमची नवी सिस्टिम रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे. ती आम्ही चार पोरांनी लिहिली. पावती छापणारा भाग मात्र सी भाषेत, पंचवीस वर्षांपूर्वीचा. तो लिहिणारे गृहस्थ अजून ऑफिसात आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात, आणि त्या कोडला ते कुणाला हात लावू देत नाहीत. तेव्हा खातेदाराचं नाव रस्टकडून सीकडे द्यायचं, एवढंच माझं काम होतं. प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये मी त्याला अर्धा दिवस सांगितला होता. हा फोन त्या अर्ध्या दिवसाच्या तिसऱ्या आठवड्यात आला.

अडचण अशी की 'नाव' म्हणजे काय, हे या दोघींना वेगवेगळ्या घरांत शिकवलंय.

सी माझ्या चिपळूणच्या मावशीसारखी आहे. मावशीचा फोन किती वेळ चालेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, मावशीलाही नाही. "बरं, ठेवते" हे शब्द आले की संपला. सीमध्ये त्या 'ठेवते'च्या जागी एक शून्य बाइट असतो. आपण लिहितो तो शून्याचा आकडा नव्हे, आठही बिटं कोरी असलेला बाइट. तो दिसेपर्यंत सी वाचत राहते. तो घालायचा राहिला तर नाव संपलं, पुढचा रकाना लागला, तरी ती थांबत नाही. मावशी जशी स्वतःच्या गुडघ्यांवरून बोलता बोलता समोरच्या बिऱ्हाडातल्या भांडणात शिरते, तसंच.

रस्ट म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. प्रत्येक स्ट्रिंगबरोबर, म्हणजे मजकुराच्या तुकड्याबरोबर, तीन नोंदी: कुठे राहते, किती लांब आहे, किती लांब होऊ शकते. आजच्या ६४ बिटी मशीनवर नुसत्या या नोंदींचे २४ बाइट होतात, नाव वेगळं. शेवटी शून्य वगैरे काही नाही. लांबी माहीत असताना 'ठेवते' कशाला म्हणायचं? शिवाय आत येणारा प्रत्येक बाइट शुद्ध यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत मांडायची ठरलेली पद्धत) आहे की नाही, हे गेटवरच तपासणार.

काकांना हे सगळं थेर वाटतं. "अरे, १९७२ च्या आसपास डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये सी घडवत होता ना, तेव्हा त्या पीडीपी-११ कॉम्प्युटरवर मेमरी किलोबाइटात मोजायचे. लांबी लिहायला दोन बाइट खर्च करायचे की शेवटी एक? तूच सांग." काका हे अशा सुरात सांगतात की जणू तो एक बाइट त्यांच्या पगारातून कापला जाणार होता.

तर 'लक्ष्मनातू'. काकांनी नावासाठी ४० बाइटांची जागा ठेवली होती आणि तिला लागून वारसाचं नातं. त्या काळात हे बरोबरच होतं. तेव्हाच्या मराठी फॉन्टांत एका आकाराला एक बाइट पुरायचा, ४० बाइटांत तीन पिढ्या मावल्या असत्या. मधल्या काळात कुणीतरी सगळं युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक यादीवर, आणलं आणि जागा मात्र तेवढीच ठेवली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. अक्षराला नव्हे, खुणेला: हलन्ताला तीन, वेलांटीला तीन. 'श्रीमती'चेच २१ झाले. मग एक स्पेस. 'लक्ष्मीबाई'चे ३०. एकूण ५२.

सीमध्ये 'स्ट्रिंग-एन-कॉपी' नावाचं एक जुनं फंक्शन आहे. त्याला ४० सांगितलं की ते ४० उचलतं, आणि नाव त्याहून लांब असलं तर शेवटचं शून्य न घालताच चालू पडतं. 'श्रीमती लक्ष्म' इथे बरोब्बर ४० भरतात, पाहिजे तर बोटांवर मोजा. शून्य नाही, म्हणून छापणारा भाग तसाच पुढच्या रकान्यात घुसला आणि तिथे होतं 'नातू'.

मी काकांना दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "आजींनाच एवढं लांब नाव ठेवायला कुणी सांगितलं होतं?" म्हणाले आणि चहाला गेले. परत आल्यावर, काहीच झालं नाही अशा थाटात, शेवटच्या बाइटवर स्वतःच्या हाताने शून्य घातलं. मी पाहिल्यापासून त्यांनी त्या फाइलला हात लावलेला हा पहिला प्रसंग.

नातू गेला. पावतीवर आता 'श्रीमती लक्ष्' आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह यायला लागलं. कारण चाळिसावा बाइट 'म'चा तिसरा बाइट होता. आम्ही 'म'चे दोन तृतीयांश ठेवून उरलेल्यावर सुरी फिरवली होती. आणि हे तुटकं नाव तपासणीसाठी रस्टकडे परत आलं तेव्हा सेक्रेटरींनी गेट बंद केलं: अवैध यूटीएफ-८, आत येता येणार नाही. आजींना त्यांच्याच सोसायटीत प्रवेश नाही.

मग कापायचं कुठे? नावाची लांबी तरी काय धरायची? नुसतं 'लक्ष्मी' घ्या. रस्टला लांबी विचारली तर २१. 'कॅरेक्टर' मोज म्हटलं तर ७. माझ्या आईला विचारलं तर २, "ल आणि क्ष्मी, एवढंही येत नाही?" आणि शाळेत वृत्तं शिकवणाऱ्या बाई असत्या तर त्यांनी दोन्ही गुरू धरून ४ मात्रा सांगितल्या असत्या. चारही उत्तरं बरोबर आहेत. मी शेवटी जागा २५६ बाइटांची करून घेतली आणि त्याहूनही लांब नाव आलंच तर पूर्ण खूण बघून मागे सरकून कापायचं ठरवलं. २५६ ऐकून काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

एक सांगायला हवं: यूटीएफ-८ वर मी चिडलो तरी ती फार हुशार माणसांची करणी आहे. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसनने रॉब पाइकच्या समोर टेबलावरच्या कागदावर ती मांडली. त्यात त्यांनी एक काळजी घेतली, की कुठल्याही लिपीच्या बहुबाइटी खुणेत तो कोरा शून्य बाइट येऊ द्यायचा नाही. म्हणून सीचे जुने प्रोग्रॅम मराठी नाव मध्येच न तोडता वाचू शकतात. अमृततुल्यमध्ये बसून आम्ही आजवर बिल कुणी द्यायचं याखेरीज काहीही मांडलेलं नाही.

खरं म्हणजे नावांचे हाल पहिल्या आठवड्यातच सुरू झाले होते. तेव्हा दोष सर्वस्वी माझा होता. रस्टमध्ये सीसाठी स्ट्रिंग तयार करणारा 'सी-स्ट्रिंग' नावाचा प्रकार आहे. तो शेवटी शून्य लावून देतो. मी हौसेने एकाच ओळीत सी-स्ट्रिंग बनवली, तिचा मेमरीतला पत्ता काढला आणि पुढच्या ओळीत तो पत्ता सीकडे पाठवला. माझ्या मशीनवर नावं छान आली. सर्व्हरवर मात्र नावांच्या जागी अगम्य काहीतरी, एकदा तर दुसऱ्याच खातेदाराचं आडनाव.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला तीन दिवस लागायला नको होते. त्या सी-स्ट्रिंगला मी नाव दिलं नव्हतं, कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं नव्हतं. रस्टच्या कायद्यानुसार ती ओळ संपताच ती पाडली गेली. माझ्या हातात उरला सदाशिव पेठेतल्या वाड्याचा पत्ता, वाडा गेलेला. माझ्या मशीनवर वाडा नुसता रिकामा झाला होता, बिल्डर यायचा होता, म्हणून पोस्टमनला जुनी पाटी दिसायची. सर्व्हरवर वर्दळ जास्त. तिथे पार्किंगसकट टॉवर उभा राहिलेला आणि सी बिचारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारतेय, लक्ष्मीबाई इथेच राहतात ना?

उपाय एका शब्दाचा. आधी स्ट्रिंग 'लेट' लिहून एका नावाने ठेवायची, म्हणजे फंक्शन संपेपर्यंत ती जिवंत राहते, आणि मग पत्ता काढायचा. आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने हे पिवळ्या अक्षरांत बजावलंही होतं. पण आमच्या प्रोजेक्टमध्ये पिवळी अक्षरं भिंतीवरच्या 'येथे थुंकू नये'सारखी झाली आहेत. दिसतात सगळ्यांना.

त्यानंतर जुनी खाती आणताना आणखी एक प्रकार झाला. काकांच्या फाइलींत ४० बाइटांची जागा नावाने भरली नाही की उरलेली शून्यांनी भरलेली असते. मी भाबडेपणाने चाळीसही बाइट उचलून रस्टची स्ट्रिंग केली. शून्य हा यूटीएफ-८ मध्ये वैध असल्याने गेटवर कुणी अडवलं नाही. स्क्रीनवर 'लक्ष्मी' दिसायचं, शोधलं की सापडायचं नाही, कारण तिच्यामागे न दिसणाऱ्या १९ शून्यांची वरात होती. तीच स्ट्रिंग परत सीकडे द्यायला गेलो तर सी-स्ट्रिंगने तोंडावर नकार दिला: दिलेल्या मजकुरात २१ व्या जागी शून्य बाइट सापडला. तिचंही बरोबर. मावशीने वाक्याच्या मध्येच कुठे 'ठेवते' म्हटलं तर ऐकणारा तिथेच फोन बंद करील, पुढचं कुणी ऐकायचं? आता पहिल्या शून्याशी थांबून वाचतो.

पण माझी झोप उडवली ती परत देण्याच्या भानगडीने. पावतीवरचा एक मजकूर रस्टमध्ये तयार व्हायचा आणि सीला कायमचा दिला जायचा. वापरून झाला की काकांचा कोड शिस्तीने 'फ्री' म्हणून ती मेमरी सोडून द्यायचा. काही दिवस काही बिघडलं नाही. मग आमच्यातल्या एकाने वेग वाढावा म्हणून रस्टचा मेमरी वाटणारा भाग बदलला आणि रात्री अकराला सर्व्हर आडवा झाला.

आई जेवायची थांबली होती. मी फोनवर म्हटलं, "उशीर होईल. रस्टने दिलेलं सीने परस्पर सोडून दिलंय."

"रस्ट म्हणजे?"

"गंज."

"कुठला, दुधाचा?"

"अगं भांडं नव्हे, लोखंडाला चढतो तो." (त्या भाषेच्या कर्त्याने नाव तांबेरा या बुरशीवरून घेतल्याचं सांगितलंय, पण रात्री अकराला आईशी बुरशीवर कोण बोलणार.) "म्हणजे बघ, शेजारच्या काकूंनी डब्यात काही पाठवलं. आपण खाल्लं आणि डबा..."

"धुऊन परत द्यायचा. रिकामा देऊ नये."

"तो सीने मोडीत घातला."

आई एक क्षण गप्प. "दुसऱ्याचा डबा? मोडीत? नाव नव्हतं का कोरलेलं त्यावर?"

नव्हतं, हीच तर रड. मेमरीवर कुणाचंच नाव कोरलेलं नसतं. तोवर निभावलं, कारण दोघींचा भांडेवाला एकच होता. डबा कुणीही नेऊन टाकला तरी त्याच्या वहीत तो सापडायचा. रस्टने दुकान बदललं आणि जुना भांडेवाला अनोळखी डबा बघून बेशुद्ध पडला. रस्टच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, की अशी दिलेली स्ट्रिंग रस्टकडेच परत आली पाहिजे, सीच्या 'फ्री'ने सोडायची नाही. मी ते वाचलं होतं. मीटिंगमध्ये मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं.

रात्री दोन वाजता मी रस्टच्या बाजूला 'पावती-परत' नावाचं चार ओळींचं फंक्शन लिहिलं. सकाळी काकांना म्हटलं, "काका, आता तुम्ही 'फ्री' नका म्हणू, एवढं बोलवा." काकांनी चार ओळी पाचदा वाचल्या. "म्हणजे मी वापरायचं आणि फेकायला तुला विचारायचं?"

"हो."

"घरी पण असंच आहे," काका म्हणाले आणि बदल करून दिला.

आजींची पावती बिनचूक निघाली, ५२ च्या ५२ बाइटांसकट. पतसंस्थेतल्या गृहस्थांनी फोटो पाठवला. त्याच आनंदात कट्ट्यावर भांडी लावताना मागच्या सुट्टीतला चिवड्याचा डबा हाती लागला. झाकणावर मावशीचं नाव कोरलेलं, कोरणाऱ्याला जागा न पुरल्याने आडनावाचं शेवटचं अक्षर अर्धंच. आईचा नियम आठवला. डब्यात बाकरवडी भरली आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, तुझा डबा माझ्याकडे आहे गं."

मग गुडघे झाले, आंबे झाले, समोरच्या बिऱ्हाडातलं भांडण मिटून पुन्हा सुरू झालेलं झालं. अठराव्या मिनिटाला मावशी म्हणाली, "आणि हे बघ, तुझ्यासाठी आमसुलं काढलीयत, ती मी वरच्या फळीवर ठेवते..."

आणि माझ्या अंगठ्याने फोन कट केला.