वाह सर! काय टिपलंय!

रोज एक फोटो टाकायचा असं फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय ना? मग टाका. त्यासाठी कॅमेरा रोज बॅगेतून बाहेर काढलाच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. मागच्या रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड, काढलेले सहाशे फोटो कार्डात पडून आहेत. त्यातला एकच शेकाट्या, तो लांब पायांचा पाणपक्षी, घ्या. मान डावीकडे, मान किंचित आणखी डावीकडे, चोच पाण्यात, चोच पाण्याबाहेर. पंधरा दिवस आरामात निघतात.

फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मात्र चुकूनही पाठवू नका. तसा पाठवला की तो मूळ आकारात पोचतो आणि त्याच्या पोटातली सगळी माहितीही शाबूत राहते. मग एखादा रिकामटेकडा ती उघडणार. ४०० मिमीची लांब लेन्स हातात धरून शटर १/१२५ सेकंदावर, म्हणजे फारच संथ, ठेवलं होतं हे त्याला दिसणार, आणि पक्षी ‘सॉफ्ट’ म्हणजे पुसट का आला याचा उलगडा सगळ्यांसमोर होणार. त्यापेक्षा साधा फोटो म्हणून पाठवा. व्हॉट्सॲप तो सहा हजार पिक्सेलांवरून खूपच खाली आणतं, माहिती पुसून टाकतं, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर हललेला पक्षीसुद्धा धारदार दिसतो. तरी धाकधूक असेल तर शार्पनिंगची पट्टी शेवटपर्यंत सरकवा. पक्ष्याच्या कडेने पांढरी रेघ उमटेल. तिला ‘रिम लाइट’, म्हणजे मागून आलेला उजेड, म्हणायचं.

विषयांचा दुष्काळ पडला तर दिवे घाटातली पालखी आहेच. वाइड लेन्स लावा, म्हणजे वारकरी मुंग्यांएवढे होतील आणि निम्मी फ्रेम पांढऱ्याफटक आभाळाला देता येईल. २०० मिमीच्या लांब लेन्सने घाटाची वळणं एकमेकांजवळ येतात, पताका एकीवर एक चढतात आणि आभाळ आपोआप बाहेर राहतं, हे ठाऊक असलं तरी मनात ठेवा. एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडून द्या. तो काळपट हिरवा डोंगर पाहून उजेड वाढवतो आणि टोप्या, धोतरं, पांढरे सदरे साफ जळून जातात. उणे एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा, केलं असतं तर कापडाच्या चुण्या राहिल्या असत्या. पण जळलेल्या पांढऱ्याला ‘हाय-की’ (मुद्दाम उजळ ठेवलेला फोटो) असं भारदस्त नाव तयार असताना एवढी खटपट कशाला?

आता सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, अधिक साठ. पताकांचा भगवा लाल चॅनेलमध्ये आधीच काठोकाठ आलेला असतो. पट्टी सरकवली की घड्या गायब, उरतात प्लास्टिकचे त्रिकोण. एकत्रित हिस्टोग्रॅममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, ही गोष्ट सहसा लपून जाते, तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडावे लागतात. तुम्ही उघडू नका. फोटोखाली फक्त एवढंच लिहा: ‘तुकोबांची पालखी, दिवे घाट.’ खरं तर दिवे घाटातून माउलींची पालखी जाते, तुकोबांची लोणी काळभोरकडून. पाच मिनिटांत चाळीस प्रतिक्रिया येतील, जळलेल्या टोप्यांबद्दल एकही नाही.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची पाळी आली तर फोटो मोठा करून बघायचा नाही. आधी नाव बघायचं. ज्येष्ठ असतील तर ‘वाह सर!’, परवा तुमच्या शेकाट्याला अंगठा दिलेला असेल तर तीन अंगठे. बाकीच्यांसाठी ‘रूल ऑफ थर्ड्‌स पाळला नाही’ हे वाक्य कुठल्याही फोटोला चालतं. (फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय त्या रेघांवर ठेवायचा, असा हा नियम.) नियमाचं हे नाव चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ साली निसर्गचित्रांच्या संदर्भात वापरलं, तेव्हा फोटो काढणारा कॅमेरा जन्मालाही आला नव्हता, ही माहिती वादात पडायची वेळ आली तर हाताशी असू द्या. त्याहून वजनदार म्हणजे ‘दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं’. फोटो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा असेल तर डावीकडे काय आहे याची चौकशी करू नका. पानशेतच्या जलाशयाचं पाणी फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यातून सांडायला आलेलं असलं तरी क्षितिजाचा विषय काढायचा नाही. कारण ते सरळ करायला दोन अंश फिरवावं लागतं, तेवढ्यात कडा कापल्या जातात, आणि नेमक्या त्याच कडेला त्यांच्या सौभाग्यवती उभ्या आहेत.

एवढं सांभाळूनही कधीतरी एखादा नवखा मुलगा ग्रुपमध्ये येतो आणि लिहितो, ‘काका, फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर नाही, मागच्या फांदीवर गेलाय. फोकसचा एरिया ऑटोवर असेल, म्हणजे जागा कॅमेराच निवडतोय. सिंगल पॉइंट घेऊन डोळ्यावर ठेवा, शटर १/१६०० च्या वर न्या, आयएसओ वाढून फोटो थोडा दाणेदार झाला तरी चालेल.’ त्याच्यावर रागावू नका, काढूनही टाकू नका. त्याला ॲडमिन करा. सकाळची सुप्रभातची फुलं पुसणं, वाढदिवसाचे केक लावणं, कुणी फॉरवर्ड टाकलं तर हात जोडून विनंती करणं, आणि दर रविवारी कुणाचं मन न दुखावता आठवड्याचा सर्वोत्तम फोटो निवडणं ही कामं त्याच्याकडे सोपवा. महिन्याभरात तोही ‘वाह सर!’ लिहू लागेल.