स्टिरिओ बदलला म्हणून स्टिअरिंगची बटणं जात नाहीत

सांगली-मिरज आणि साताऱ्याकडच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘बाहेरचा स्टिरिओ बसवला की स्टिअरिंगवरची बटणं कायमची बंद होतात. बंद पडली की क्लॉक स्प्रिंग बदला. नाहीतर अँड्रॉइड सिस्टीमची की-वन वायर स्टिअरिंगच्या कुठल्याही वायरला जोडा, बाकी सिस्टीम शिकून घेते. डीकोडर घेऊ नका, ते पैसे काढायचं काम आहे. आणि चावी काढल्यावर सेटिंग उडालं तर सिस्टीम डुप्लिकेट समजा.’ या मेसेजपायी लोकांचा नाहक खर्च होतोय आणि काहींची चांगली सिस्टीम जळतेय, म्हणून एकेक मुद्दा घेऊ. यातली क्लॉक स्प्रिंग म्हणजे चाक फिरलं तरी बटणं, हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी. की-वन म्हणजे बटणांचा सिग्नल घेणारी सिस्टीमची वायर. डीकोडर म्हणजे गाडीचा डेटा सिस्टीमला कळेल असा करून देणारा डबा.

‘कायमची बंद होतात.’ नाही. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) असतो. बटण दाबलं की तो रेझिस्टर सिग्नल वायर आणि अर्थ (गाडीची निगेटिव्ह बाजू) यांच्यामध्ये येतो, व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून स्टिरिओ बटण ओळखतो. कंपनीचा स्टिरिओ काढल्यावर ही वायर नुसती लोंबकळत राहते. रेझिस्टर जागच्या जागी शाबूत असतात.

‘कुठल्याही वायरला जोडा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. स्टिअरिंगकडून येणाऱ्या वायरांमध्ये बटणांच्या दिव्याचीही वायर असते आणि पार्किंग लाइट लावल्यावर तिच्यावर १२ व्होल्ट येतात. की-वनचं इनपुट साधारण ३.३ किंवा ५ व्होल्टचं असतं. तिथे १२ व्होल्ट गेले तर ते इनपुट जळू शकतं, आणि मग कितीही शिकवलं तरी सिस्टीम शिकत नाही.

म्हणून आधी गाडीचा वायरिंग डायग्राम बघा, मग मल्टिमीटर घ्या. स्टिरिओचा कपलर (वायरींचा प्लग) काढा, चावी बंद ठेवा, मीटर २० किलोओहमवर ठेवा. एक टोक संशयित वायरला, दुसरं अर्थला. एकेक बटण दाबून आकडे कागदावर लिहा. प्रत्येक बटणाला वेगळा आणि दर वेळी तोच आकडा आला तर वायर बरोबर आहे, बटणंही ठणठणीत आहेत. आकडाच येत नसेल तर अर्थ बदलून पाहा, कारण कित्येक गाड्यांत बटणांचा अर्थ बॉडीला न जाता वेगळ्या वायरने स्टिरिओपर्यंत आलेला असतो. टोयोटाच्या डायग्राममध्ये ही वायर एसडब्ल्यूजी नावाने दिसते, सिग्नलच्या दोन वायरी एसडब्ल्यू-वन आणि एसडब्ल्यू-टू नावाने. ही अर्थची वायर सिस्टीमच्या काळ्या वायरला जोडायची राहिली तर एकही बटण लागत नाही. फिटिंगमध्ये हीच वायर सर्रास राहून जाते.

सिग्नलच्या दोन वायरी असतील तर त्या की-वन आणि की-टू अशा वेगवेगळ्या लावा. दोन्ही एकत्र पिळल्या तर दोन्ही बाजूंच्या काही बटणांचे आकडे सारखे निघतात आणि ‘मोड’ दाबल्यावर आवाज वाढतो.

जोडही महत्त्वाचा. समजा सिस्टीमच्या आत ३.३ व्होल्ट १ किलोओहममधून येतात आणि बटण ३३० ओहमचं आहे, तर सिस्टीमला सुमारे ०.८२ व्होल्ट दिसतात. नुसत्या पिळलेल्या जोडाने २०० ओहमची भर घातली की तेच १.१४ होतात, म्हणजे सिस्टीमच्या लेखी दुसरंच बटण. सांगलीच्या उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी दमटपणात उघडी तांब्याची तार काळी पडते. सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

शिकवतानाही घाई नको. सेटिंगमधल्या स्टिअरिंगच्या पानावर जुनं सगळं पुसा, चाकावरचं बटण दाबून धरा, स्क्रीनवरचं चिन्ह दाबा, सगळी बटणं एकाच बैठकीत उरका आणि शेवटी सेव्ह करा. पायोनियर, सोनीच्या अनेक सिस्टीममागे मात्र वायर्ड रिमोटचा ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो. तिथे गाडीची वायर थेट चालत नाही, मध्ये इंटरफेस ॲडॅप्टर लागतो.

‘क्लॉक स्प्रिंग बदला.’ कधीकधी खरंच ती गेलेली असते, पण तिची लक्षणं वेगळी आहेत. बटणांबरोबर हॉर्न बंद, किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला. खंबाटकीच्या वळणांवर आवाज आपोआप वरखाली होतो आणि सरळ रस्त्यावर थांबतो, हेही तसंच. खात्री अशी करा: वर सांगितल्याप्रमाणे मीटर लावा, एक बटण दाबून धरा आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आकडा नाचला तर क्लॉक स्प्रिंगवर किंवा चाकाबरोबर हलणाऱ्या जोडावर संशय घ्या. आकडा स्थिर असेल तर तिला हात लावायचं कारण नाही. बदलायचीच असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबणं आणि नवी स्प्रिंग मध्यावर आणून बसवणं, दोन्ही हवंच. मध्य चुकला तर चाक पूर्ण वळवताना पट्टी तुटते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरमध्ये मीटरचं टोक कधीही घालू नका.

‘डीकोडर म्हणजे पैसे काढायचं काम.’ रेझिस्टरवाल्या गाडीत डीकोडर गळ्यात मारला तर तक्रार रास्त आहे. पण ज्या गाडीत बटणांचा निरोप कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोल युनिटांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या लाइनवरून) डेटा म्हणून येतो, तिथे की-वनला काही कळतच नाही. चावी चालू असताना एकमेकींत पिळलेल्या दोन वायरींवर २.५ व्होल्टच्या आसपास दिसलं तर त्या बहुधा कॅनच्या आहेत. त्यांना की-वन जोडू नका. गाडीच्या मॉडेल-वर्षाला जुळणारा डीकोडर घ्या आणि सिस्टीमच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. इथे निवड चुकली की डीकोडरच खराब म्हणून परत केला जातो.

‘सेटिंग उडालं म्हणजे डुप्लिकेट.’ आधी सिस्टीमची पिवळी आणि लाल वायर तपासा. पिवळीवर चावी काढल्यावरही १२ व्होल्ट हवेत, लालवर फक्त चावी फिरवल्यावर. या दोघींची अदलाबदल झाली की चावी काढताच सिस्टीमचा कायमचा पुरवठा तुटतो. बऱ्याच सिस्टीममध्ये मग घड्याळ आणि रेडिओच्या स्टेशनांसोबत बटणांचं सेटिंगही जातं. काही फोक्सवॅगन गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात, तिथे तयार कपलर लावला तरी मीटरने बघूनच पुढे जा.